विजयदुर्गावरील ‘साहेबाचे ओटे’ आणि हेलियमचा शोध : एका स्थानिक आख्यायिकेची ऐतिहासिक तपासणी

प्रस्तावना

मालवणहून देवगडमार्गे किनाऱ्याने उत्तरेकडे निघालेला प्रवासी सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सीमेजवळ वाघोटण खाडीच्या मुखाशी येतो, तेव्हा समुद्रात शिरलेल्या भूशिरावर उभा असलेला विजयदुर्ग त्याच्या दृष्टीस पडतो. ‘घेरिया’ या जुन्या नावाने युरोपीय कागदपत्रांत येणारा हा किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला, असे परंपरा सांगते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये तो आदिलशाहीकडून घेतला. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे प्रमुख ठाणे बनला, १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या हल्ल्यात पडला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. मराठ्यांच्या आरमाराच्या इतिहासात या किल्ल्याचे स्थान निर्विवाद आहे.

या किल्ल्यात काही दगडी ओटे दाखविले जातात. स्थानिक लोक त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. त्यांच्याशी निगडित आख्यायिका अशी : १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने या ओट्यांवर दुर्बीण उभारली, सूर्याच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेषा पाहिली आणि अशा रीतीने हेलियम या मूलद्रव्याचा शोध विजयदुर्गावर लागला. पर्यटन पुस्तिका, वृत्तपत्रांतील स्फुटे आणि शालेय सहलींतील माहितीकथने यांतून ही कथा सर्वत्र पोहोचली आहे. गेल्या काही वर्षांत १८ ऑगस्ट हा दिवस ‘हेलियम दिन’ म्हणून किल्ल्यावर साजराही होऊ लागला.

हेलियम आता केवळ प्रयोगशाळेतला वायू राहिलेला नाही. आकाशात जाणारे फुगे आणि रुग्णालयातील एमआरआय यंत्रांच्या चुंबकांना थंड ठेवणारा द्रव या रूपांनी तो सामान्य माणसाच्या जीवनात आला आहे. अशा परिचित वस्तूची जन्मकथा आपल्याच किनाऱ्यावर घडली, या कल्पनेविषयी जिल्ह्यातील जनतेला अभिमान वाटावा हे स्वाभाविक आहे. तथापि अभिमानाचा विषय झालेली कथा पुराव्याच्या कसोटीवर उतरते काय, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात ही आख्यायिका कालक्रम, ऋतुमान आणि उपलब्ध वैज्ञानिक नोंदी या तीन अंगांनी तपासली असून, ओट्यांचा खरा इतिहास कोणता आणि त्याचे महत्त्व काय, याचा शोध घेतला आहे.

खग्रास ग्रहणाचे वैज्ञानिक महत्त्व

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रज्ञ ग्रहणामागे हजारो मैल का धावत, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. १८५९ च्या सुमारास किरखोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, प्रत्येक मूलद्रव्य तप्त वायुरूपात असताना ठरावीक रंगांच्या रेषाच प्रकट करते. लोलकातून प्रकाश नेऊन या रेषा पाहणाऱ्या वर्णपटदर्शकामुळे दूरस्थ सूर्याची रासायनिक घडण जमिनीवरून अभ्यासता येऊ लागली. परंतु सूर्यबिंबाच्या कडेला दिसणाऱ्या लालसर सौरज्वाला आणि भोवतालचे फिकट प्रभामंडल ही दोन्ही सूर्याच्या प्रखर तेजात लपून जातात. चंद्राने बिंब पूर्ण झाकल्यानंतरच्या दोनचार मिनिटांत मात्र ती उघड होतात. त्यामुळे खग्रास स्थितीची ती मिनिटे शास्त्रज्ञांना अमूल्य होती.

१८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण या दृष्टीने अपूर्व होते. खग्रास स्थितीचा कालावधी दीर्घ होता आणि छायामार्ग कोकण किनाऱ्यावरून भारतात शिरून दक्षिण महाराष्ट्र, विजापूर व गुंटूर या प्रदेशांतून मच्छलीपट्टणमकडे जात होता. वर्णपटदर्शक हाती आल्यानंतर आलेली ही पहिलीच मोठी संधी होती.

१८ ऑगस्ट १८६८ : कोण कोठे होते?

या दिवशीच्या निरीक्षकांची ठिकाणे वैज्ञानिक संस्थांच्या इतिवृत्तांत स्पष्टपणे नोंदलेली आहेत. फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर जान्सेन गुंटूर येथे होते. मेजर टेनंट यांचे पथकही तेथेच होते. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मच्छलीपट्टणम येथे, तर त्याच वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्ती येथे होते. सर जॉन हर्शेल यांचे पुत्र लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडी येथे आणि कॅप्टन हेग विजापूर येथे होते. यांपैकी अनेकांना सौरज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. पिवळ्या रंगाच्या भागातही एक रेषा दिसली. पण ती सोडियमची, अर्थात मिठाच्या ज्योतीत दिसणारी परिचित ‘डी’ रेषा असावी, असाच सर्वसाधारण समज झाला. पॉगसन यांनी ती ‘डी’च्या ठिकाणी किंवा जवळपास असल्याची नोंद केली. वेगळे मूलद्रव्य असल्याचे त्या दिवशी कोणीही म्हटले नाही.

जान्सेन यांचे त्या दिवशीचे खरे यश वेगळे होते. रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसू शकतील, असे त्यांना वाटले आणि दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी ते सिद्ध केले. सौरज्वालांचा अभ्यास करण्यासाठी ग्रहणाची वाट पाहण्याची गरज उरली नाही.

या यादीत नॉर्मन लॉकियर यांचे नाव कोठेही नाही. त्याचे कारण साधे आहे. लॉकियर त्या वेळी ब्रिटिश युद्धखात्यात कारकुनी करणारे हौशी खगोलअभ्यासक होते आणि ते लंडनमध्ये होते. ग्रहणाविना सौरज्वाला पाहण्याची कल्पना त्यांनाही सुचली होती; परंतु त्यासाठी बनविण्यास दिलेला शक्तिशाली वर्णपटदर्शक त्यांच्या हाती १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये आला. २० ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमधूनच त्यांनी सौरज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. जान्सेन आणि लॉकियर या दोघांचीही निवेदने पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर २६ ऑक्टोबर १८६८ या एकाच दिवशी आली. या योगायोगाचा गौरव म्हणून फ्रेंच शासनाने १८७२ मध्ये दोघांच्या मुखाकृती असलेले पदक काढले.

पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांपासून वेगळी आहे, हे लॉकियर यांच्या लंडनमधील पुढील मोजणीतून स्पष्ट होत गेले. सोडियमच्या रेषांची तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर, तर या रेषेची ५८७.६ नॅनोमीटरच्या जवळ. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी तिचा मेळ बसेना, तेव्हा सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून ‘हेलियम’ हे नाव रूढ झाले. १८७१ मध्ये सर विल्यम थॉमसन यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात या नावाचा उल्लेख केला. अनेक रसायनशास्त्रज्ञांनी मात्र हे मूलद्रव्य मानले नाही. १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांनी क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा दाखविली, तेव्हा सत्तावीस वर्षांचा वाद मिटला.

थोडक्यात, हेलियमचा ‘शोध’ हा एका दिवसाचा किंवा एका स्थळाचा प्रसंग नाही. गुंटूर, जमखंडी, लंडन अशा अनेक ठिकाणी घडलेली ही दीर्घ प्रक्रिया आहे. ‘१८ ऑगस्ट, विजयदुर्ग, लॉकियर’ हे त्रिकूट मात्र तीत बसत नाही.

ऋतुमानाचा पुरावा

कागदपत्रांखेरीज आणखी एक साक्षीदार विचारात घ्यावा लागतो. तो म्हणजे कोकणचा पाऊस. १८ ऑगस्ट १८६८ ही श्रावणातील अमावास्या होती. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यानंतरही समुद्र पुरता निवळलेला नसतो आणि आकाश दिवसेंदिवस झाकोळलेले असते, हे या किनाऱ्यावरील कोणाही रहिवाशास ठाऊक आहे. त्या काळात पावसाळ्यात किनाऱ्यावरील जलवाहतूकही बंद असे. अशा हवेत नाजूक भिंगे व लोलक घेऊन समुद्रकाठच्या किल्ल्यावर मुक्काम करणे, हे ग्रहणाची मोजकी मिनिटे पदरात पाडू पाहणाऱ्या माणसाचे लक्षण नव्हे. निरीक्षकांनी सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेची आणि त्यापलीकडची ठिकाणे निवडली, यामागील तर्क येथे दिसतो. जमखंडीसारख्या तुलनेने कोरड्या ठिकाणीही हर्शेल यांना ढगांनी सतावलेच.

याउलट पौष महिन्यातील कोकणचे आकाश निरभ्र असते आणि समुद्र शांत असतो. ओट्यांचा काळ शोधायचा तर पावसाळ्यापेक्षा हिवाळ्याकडे पाहावे लागते आणि तेथे नोंदी लगेच भेटतात.

२२ जानेवारी १८९८ : विजयदुर्गाचे खरे ग्रहण

२२ जानेवारी १८९८ रोजी, पौष अमावास्येला, दुसरे खग्रास ग्रहण भारतातून दिसले. छायामार्ग कोकण किनाऱ्यावर शिरून ईशान्येकडे हिमालयापर्यंत जात होता. मुंबई इलाख्यात १८९६ पासून प्लेगने थैमान घातले होते. तरीही ठिकठिकाणी पथके आली. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल होते. त्याच ठिकाणी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचेही पथक होते. वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या सभासदांनी तळ दिला होता. तेथे ॲनी माँडर यांनी प्रभामंडलाच्या अतिदीर्घ किरणाचे छायाचित्र मिळविले. याखेरीज पुलगाव, शहडोल आणि बक्सर येथेही निरीक्षणे झाली.

विजयदुर्ग हे या मालिकेतील समुद्रकाठचे ठिकाण होते आणि तेथील पथकाचे प्रमुख होते सर नॉर्मन लॉकियर. १८६८ मधील हौशी कारकून आता ‘नेचर’ या नियतकालिकाचा संस्थापक-संपादक आणि साउथ केन्सिंग्टन येथील सौर-भौतिकी वेधशाळेचा प्रमुख झाला होता. १८९७ मध्येच त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला होता. त्यांच्यासमवेत आल्फ्रेड फाउलर, पुत्र विल्यम लॉकियर आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक पेडलर होते. कॅप्टन चिझम-बॅटन यांच्या हुकमतीखालील ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरील खलाशांनी तळ उभारण्यास हात दिला. त्यांच्यापैकी अनेकांना निरीक्षणाचे काम शिकविण्यात आले. कोणी प्रभामंडलाची रेखाटने करावयाची, कोणी दिसणारे तारे टिपावयाचे, अशी विभागणी होती. खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आसपासच टिकली. लॉकियर, चिझम-बॅटन आणि पेडलर या तिघांच्या नावे या निरीक्षणांचा अहवाल रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्थळनाम ‘विझियाद्रुग’ असे येते.

दुर्बिणी आणि लोलकयुक्त कॅमेरे स्थिर राहण्यासाठी पक्के चौथरे लागतात. त्यामुळे ‘साहेबाचे ओटे’ या नावातील ‘साहेब’ लॉकियरच होत, ही स्थानिक स्मृती विश्वसनीय ठरते. चुकला आहे तो काळ, आणि तोही तीस वर्षांनी. हेलियमच्या रेषा १८९८ च्या वर्णपटांतही होत्या. परंतु तोपर्यंत हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षे झाली होती.

विजयदुर्गाची हिरवी रेषा

मग विजयदुर्गाने विज्ञानाला काय दिले? याचे उत्तर आख्यायिकेत नसलेल्या एका हिरव्या रेषेत आहे. ७ ऑगस्ट १८६९ च्या ग्रहणात अमेरिकन निरीक्षकांना प्रभामंडलाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसली होती. तिचे स्थान सुमारे ५३१.७ नॅनोमीटर येथील एका परिचित सौररेषेशी जुळते, असे जवळजवळ तीस वर्षे मानले गेले. हेलियमच्या उदाहरणावरून शास्त्रज्ञांनी तिच्या धन्यालाही एक काल्पनिक मूलद्रव्य मानले आणि त्यास ‘कोरोनियम’ हे नाव दिले.

१८९८ च्या ग्रहणात विजयदुर्ग येथे घेतलेल्या छायाचित्रांची मोजणी झाली, तेव्हा रेषेचे खरे स्थान ५३०.३ नॅनोमीटरजवळ असल्याचे आढळले. जेऊर येथील कॅम्बेल यांच्या मोजणीनेही त्यास दुजोरा दिला. १.४ नॅनोमीटरचा हा फरक सामान्य वाचकास क्षुल्लक वाटेल. परंतु रेषेचा अचूक पत्ता मिळाल्याशिवाय तिचा धनी सापडणे अशक्य होते. पुढे १९३९ मध्ये ग्रोट्रियान यांनी दिशा दाखविली आणि १९४० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनचे एडलेन यांनी सिद्ध केले की, ही रेषा कोणत्याही नव्या मूलद्रव्याची नसून आपले तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. लोखंडाची अशी अवस्था होण्यास दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअसचा, आणि त्याबाहेरील विरळ प्रभामंडल मात्र लाखो अंशांचे! हे कोडे सौरभौतिकीत आजही पूर्णपणे सुटलेले नाही.

या सूत्राचे दुसरे टोक वर्तमानात आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या भारताच्या ‘आदित्य-एल१’ यानावर प्रभामंडलाचा वेध घेणारे ‘व्हीईएलसी’ हे उपकरण आहे. ते ज्या वर्णपटरेषा पाहण्यासाठी घडविले आहे, त्यांत ५३०.३ नॅनोमीटरची हीच हिरवी रेषा आहे. हे उपकरण बनविणारी भारतीय ताराभौतिकी संस्था कोडाईकनालची वेधशाळाही चालविते आणि नायगमवाला यांच्या पुण्यातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेची वीस इंची दुर्बीण ती वेधशाळा बंद झाल्यावर कोडाईकनाललाच गेली होती. अशा रीतीने कोकण व देश यांचा या संशोधनपरंपरेशी असलेला संबंध केवळ काल्पनिक राहत नाही. तो नोंदींनी सिद्ध होतो.

आख्यायिका कशी घडली असावी?

लोकस्मृती बहुधा निराधार नसते. ती घटनांची सांधेजोड करते. येथे चार खऱ्या गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. १८६८ चा छायामार्ग कोकणावरून गेला होता, हे खरे. हेलियमच्या शोधाशी लॉकियर यांचे नाव जोडलेले आहे, हेही खरे. १८७१ च्या डिसेंबरमधील ग्रहणासाठी लॉकियर भारतात आले आणि त्यांनी पश्चिम किनाऱ्यावरील एका सागरी किल्ल्यातूनच निरीक्षण केले, हे खरे. मात्र तो किल्ला आजच्या केरळमधील बेकल होय. १८९८ मध्ये ते विजयदुर्गावर आले, हेही खरे. पाठ्यपुस्तकांतून १८ ऑगस्ट १८६८ ही तारीख हेलियमची जन्मतिथी म्हणून प्रचारात आली आणि किल्ल्यावर साहेबाचे ओटे समोर उभे होतेच. दोन्ही एकमेकांना चिकटणे फारसे अवघड नव्हते.

आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. ‘साहेबाचे ओटे’ या नावात साहेब उरला. दगड वाहणारे, ओटे रचणारे हात त्यात नाहीत. स्थानिक इतिहास लिहावयाचा तर एखाद्या परकीय शोधाचे श्रेय गावाच्या नावावर लावण्यापेक्षा त्या दोन मिनिटांसाठी गावात आठवडेच्या आठवडे काय चालले होते, याची विचारपूस अधिक मोलाची ठरेल. वाड्यावस्त्यांवरील जुनी कागदपत्रे, महसुली दप्तरे आणि घराण्यांतून चालत आलेल्या आठवणी यांच्या आधारे हे काम स्थानिक महाविद्यालयांना हाती घेता येईल.

निष्कर्ष

१. हेलियमची पिवळी रेषा १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गावरून पाहिली, ही आख्यायिका कालक्रम, नोंदी व ऋतुमान या तिन्ही कसोट्यांवर टिकत नाही. लॉकियर त्या वेळी लंडनमध्ये होते.

२. ‘साहेबाचे ओटे’ या स्थानिक नावामागील स्मृती मात्र साधार आहे. तिचा संबंध २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाशी आणि लॉकियर यांच्या विजयदुर्ग येथील तळाशी लागतो.

३. विजयदुर्गाचे वैज्ञानिक योगदान प्रभामंडलाच्या हिरव्या रेषेचे स्थान दुरुस्त करण्यात आहे. सूर्याच्या प्रभामंडलाचे प्रचंड तापमान उलगडण्याच्या वाटेवरील तो आवश्यक टप्पा होता.

४. किल्ल्यावरील माहितीफलक, पर्यटन साहित्य आणि शालेय उपक्रम यांत ही दुरुस्ती होणे इष्ट आहे. ऑगस्टमधील हेलियम दिनाने विज्ञानप्रसार होत असेल, तर तो बंद करण्याचे कारण नाही. परंतु विद्यार्थ्यांना विजयदुर्गाची तारीख सांगावयाची, तर ती २२ जानेवारी ही सांगावी लागेल. त्या दिवशी कोकणचे आकाशही बहुधा स्वच्छ असते आणि दुर्बीण लावून सूर्य दाखविणे शक्य असते.

मूळच्या वैभवात भर घालण्यासाठी विजयदुर्गास उसन्या श्रेयाची गरज नाही. हेलियमची कथा त्याच्याकडून काढून घेतली, तरी एक खरी आणि तितकीच मोठी कथा त्याच्या पदरी राहते. ती नोंदींत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे.